सिस्टरच्या घरचा गहू

बाबा,

मागच्या रविवारी नेरला जाऊन आले. दिग्रसला आपल्या शेजारी राहणाऱ्या काकू आता तिथं लेकीकडे असतात. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पण पायरीवर माझी चप्पल वाजली तशा म्हणाल्या, "दिग्रसची पोट्टी आली वाट्टे." मी पन्नाशीला टेकलेली बाई, डोळ्यांवर चष्मा, गुडघ्याला पट्टा, वर्गातली पोरं मला चळाचळा कापतात, काकूंच्या लेखी मात्र मी अजून पोट्टीच. यवतमाळहून एसटीत बसल्यापासून मी मनाशी एक वाक्य घोळवत होते. ते काकूंना सांगायचं आणि मोकळं व्हायचं, एवढ्याचसाठी निघाले होते. त्या माझा हात हातात घेऊन बसल्या, लेकीला चहा टाकायला लावला, गुडघ्यावर कसलंसं तेल सांगितलं, मधूनच तुमची आठवण काढली. दोन तास बसले आणि ते वाक्य न सांगताच परत आले. काकूंना सांगता आलं नाही म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही गेलात त्या वयाहून मी आता मोठी झाले आहे, त्यामुळे लिहिताना कधी तुमची मुलगी वाटते, कधी तुमची थोरली बहीण.

तुमचा उजवा हात गेला तेव्हा मी सातवीत होते. कापसातली सरकी काढायच्या त्या जीनात यंत्राच्या पट्ट्यावरची जाळी हंगामाच्या तोंडीच काढून भिंतीला टेकवून ठेवायचे. जाळी असली की तिच्यात कापसाचा कचरा अडकतो, मग यंत्र थांबवून साफ करावं लागतं, आणि भर हंगामात यंत्र थांबलेलं शेटला खपत नसे. हे जीनात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तुम्ही तर दोनदा मुनीमजीला बोलून दाखवलं होतं. मग एका दुपारी तुमचाच हात त्या पट्ट्यानं ओढून घेतला. दवाखान्याचं मिलनं केलं आणि वर सांगितलं, आता घरी बसा. तुम्ही घरी बसला नाहीत, घरी निजलात. भिंतीकडे तोंड करून. कडक इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय पाणी भरायलाही बाहेर न पडणारा माणूस चार-चार दिवस दाढी करेना. आईनं घास भरवायला हात पुढं केला की तुम्ही तोंड फिरवायचात, आणि डाव्या हातानं जेवायचं म्हटलं तर ताटाकडे बघायचातच नाही. तुमच्या नाकावर कधी माशी बसलेली आम्ही पाहिली नव्हती, बाबा. आता खऱ्याखुऱ्या माश्या बसायच्या आणि तुम्ही हाकलायचातही नाही. मला त्या भिंतीचा इतका राग यायचा की मी शाळेतून आले की तिला लाथ मारायची.

आमच्या घरात भाकरीला एक इतिहास होता, आणि तो तुम्ही दरवर्षी सांगायचात. आजोबा गावकीची भाकर मागायला दारोदार फिरत. काठी, घोंगडी आणि फडकं, एवढा त्यांचा सरंजाम. छप्पन साली ते तुम्हाला घेऊन नागपूरला गेले, दहा वर्षांच्या तुमचं बोट धरून दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर त्यांनी ती काठी चुलीत घातली. आजीला म्हणाले, "आजपासून या घरात मांगलेली भाकर येनार नाई." ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज दरवेळी त्याच ठिकाणी फाटायचा. त्यामुळेच विहारात एकदा, आपल्याच वस्तीतलं एक घर गावाबाहेरच्या ख्रिस्ती मिशनच्या सिस्टर लोकांकडून धान्य आणतं हे कळल्यावर, तुम्ही वंदनेनंतर उभं राहून सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "चार पायल्या गव्हासाठी धम्म इकला यायनं." त्या घरातली बाई मान खाली घालून उठून गेली. मी तुमच्या शेजारीच बसले होते. तेव्हा मला तुमचा अभिमानच वाटला होता, खोटं कशाला सांगू.

आणि नेमकं तेच धान्य आपल्या घरी आलं. आईला तिथं नेलं काकूंनी. काकू म्हणजे शेजारचं घर, काका म्हणजे तुमच्या बरोबरीनं जीनात राबणारे तुमचे जिवाचे दोस्त. पण काकू शिवण शिकायला सिस्टरांच्या वर्गाला जायच्या आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. "चाल वं माह्यासंग, थे काही खात नाई तुले," असं म्हणून त्यांनी आईला जवळजवळ ओढतच नेलं. मी मागून गेले. मोठ्या सिस्टर केरळच्या होत्या. मराठी शिकल्या होत्या, पण तिची घडी उलटी बसली होती: तहसीलदारांना 'तू' म्हणायच्या आणि दारातल्या कुत्र्याला 'तुम्ही'. त्यांनी आईला घरात किती माणसं आहेत ते विचारलं, तुमच्या हाताचं विचारलं, आणि धर्माचं काहीच विचारलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गहू, तूरडाळ, तेल, मीठ आणि आम्हा दोघी बहिणींसाठी दुधाची भुकटी. वाटायच्या आधी सिस्टर एक गाणं म्हणायच्या, तेवढा वेळ सगळ्या बायका उभ्या राहायच्या. त्यांत हिंदू होत्या, मुसलमान होत्या, एक-दोघी आपल्यातल्याही होत्या. पहिल्याच शनिवारी मी आईकडे पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. मला धसका बसला. कान जवळ नेला तर ती हळूच त्रिसरण म्हणत होती. गाणं संपेपर्यंत तिचं पंचशीलही म्हणून झालं.

ते गव्हाचं पोतं घरात आलं त्या दिवशी तुम्ही जागे होतात. भिंतीकडे तोंड होतंच, पण पोतं जमिनीवर टेकल्याचा आवाज तुम्ही ओळखलात. सारी जिंदगी पोत्यांत गेलेला माणूस. तिकडे तोंड करूनच विचारलंत, "कोठून आनला?" आई चुलीपाशी तशीच उभी राहिली. मला विहारातली ती मान खाली घालून उठलेली बाई आठवली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जीनातून. शेटनं पाठोला."

तुम्ही कूस बदललीत. "शेटनं?"

"हो. म्हने, इमानदार मानूस व्हता. त्याच्या घरची चूल बंद नाई पडली पायजे, म्हने."

हे शेटच्या तोंडी घातलेलं वाक्य मला कुठून सुचलं, देव जाणे. आपल्याकडे देव जाणे म्हणत नाहीत, पण मला दुसरा शब्द सापडत नाही. तुम्ही उठून बसलात. महिना-दीड महिन्यानं पहिल्यांदा स्वतःहून उठून बसलात. आईनं पोळी केली, तुम्ही ताट मागितलंत, आणि डाव्या हातानं, अर्धं सांडत, सगळं खाल्लंत. मग म्हणालात, उद्या जाऊन शेटच्या पाया पडून येतो. तेव्हा मी घाईघाईनं दुसरं खोटं रचलं: शेटनं सांगितलंय, कुठं बोभाटा करू नका, बाकीचे कामगारही मागतील. आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिच्या पोटची नव्हतेच. पण तिनं ते खोडलं नाही. दुसऱ्या महिन्यापासून सिस्टरांच्या छापाचं पोतं ती काकूंच्या घरात उतरवायची, गहू तुम्हीच कधीकाळी आणलेल्या जीनाच्या बारदानात ओतायची आणि मग घरी आणायची. काकूंना वाटायचं, वस्तीच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ही असं करते. तुमच्यापासून लपवते हे त्यांना माहीत नव्हतं. खोटं माझं होतं, बाबा, त्याला पोतं आईनं शिवलं.

त्या वर्षभरात तुम्ही पुन्हा माणसांत आलात. दाढी करू लागलात. पाटीवर डाव्या हातानं सही गिरवायचात आणि माझ्याकडून तपासून घ्यायचात. शेटची गाडी रस्त्यानं गेली की उभे राहून डावा हात कपाळाला लावायचात. मी दुसरीकडे बघायची, पण तुम्ही हसता-बोलता आहात यापुढे ते काही नव्हतं. एक गोष्ट मात्र कमी झाली आणि ती घरात कुणाच्या लक्षात आली नाही. आधी जो भेटेल त्याला तुम्ही त्या जाळीची हकीकत सांगायचात. ती तुम्ही सांगेनासे झालात.

पुढच्या हंगामात काका गेले. तोच पट्टा. खांद्यावरचा दुपट्टा अडकला आणि माणूसच ओढला गेला. अवेळी भोंगा वाजला तेव्हा तुम्ही अनवाणी धावत गेलात आणि काकांना बाहेर काढणाऱ्यांत तुमचाही एक हात होता. मिलनं सांगितलं, जाळी होती, माणूसच बेफिकीर. काकूंनी केस घातली. साक्षीला कोण उभं राहणार? जो तो जीनात कामाला, जो तो पोटाला बांधलेला. तुम्ही एकटेच असे होतात की तुमचं आणखी काही जाणार नव्हतं. मयतीच्या तिसऱ्या दिवशी काकूंच्या अंगणात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ताई, मी सांगतो. जाळी नवती. माह्या हातानं पाह्यलं." आणि तुटलेला हात वर केलात. त्यावर काकू त्या दिवसांत पहिल्यांदा जेवल्या होत्या.

तारीख पडायला पाऊसकाळा उलटला. तेवढ्या महिन्यांत पहिल्या शनिवारचा गहू येत राहिला, आणि तारीख जवळ आली तसे तुम्ही पोत्याकडे बघत बसू लागलात. सकाळच्या एसटीनं तुम्ही आणि काकू यवतमाळला गेलात. संध्याकाळी तुम्ही एकटेच परत आलात, शर्ट न काढता खाटेवर बसलात. अर्ध्या तासानं मागच्या गाडीनं काकू आल्या आणि स्वतःच्या घरात न जाता थेट आपल्या अंगणात शिरल्या.

"भाऊजी, जाळी व्हती?" त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "वकिलानं इचारलं, जाळी व्हती का, तं तुमी म्हनले, व्हती. तुमचा हात गेला तवा कोनती जाळी व्हती, सांगा मले."

तुम्ही खाली बघत म्हणालात, "ताई, मी त्याचं मीठ खाल्लं. दीड वरीस झालं, या घरात शेटचा दाना शिजून राह्यला. त्याच्यावर मी कसं तोंड उघडू? मले मारा तुमी. चपलीनं मारा."

"कोनाचा दाना?" काकूंनी आईकडे पाहिलं, मग त्या बारदानाकडे. "अवो, तो तं सिस्टरच्या घरचा गहू व्हय! मीच नेलतं यायले तिथं. दर महिन्याले माह्या घरात पोतं उतरते ते. शेटनं तुमाले कवा एक मूठ तरी देल्ली का?"

काकूंनाही आपण काय बोललो ते एका क्षणानं कळलं असावं, कारण त्या तिथंच मातीत बसल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग आईकडे वळलात. मला वाटलं आता धर्माचं निघणार, आजोबांची काठी निघणार. तुम्ही ते काढलंच नाहीत. म्हणालात, "सिस्टरचं हाये म्हून सांगतलं असतं तं मी खाल्लं नसतं. उपाशी मेलो असतो. पन या बाईचा गळा तं नसता कापला."

आईनं सगळ्या आयुष्यात तुम्हाला एकदाच उलट उत्तर दिलं, ते हे. "तुमी नसतं खाल्लं. पोट्ट्यायनं काय खाल्लं असतं?"

तुम्ही एवढंच म्हणालात, "लेकरू बोललं. लेकराले काय समजते? तुले तं समजत व्हतं." तिथून पुढं तुम्ही जितकी वर्षं जगलात, आईशी कामापुरतंच बोललात. मला एक शब्दही कधी रागावून बोलला नाहीत. एक थोबाडीत दिली असतीत तर माझं किती भलं झालं असतं, ते तुम्हाला सांगून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेलं अर्धं पोतं डाव्या खांद्यावर टाकून तुम्ही सिस्टरांकडे निघालात. मी मागं. तुम्ही मला परत जा म्हणाला नाहीत. सिस्टर दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणाच्या तरी पोराचं गळू साफ करत होत्या. तुम्ही पोतं खाली ठेवून म्हणालात, "हा तुमचा गहू. आमी मांगून खात नाई."

"पण भाऊ, तू मागितला नाही," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही दिला."

"काहून देल्ला? आमी काही तुमच्या धर्मात येनार नाई."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसावेत तसे पांढऱ्या झग्याला पुसले आणि खरोखरच न समजून विचारलं, "कोण बोलला तुला, ये म्हणून?"

असं कुणी म्हणालंच नव्हतं. दीड वर्षात एकदाही नाही, आईला नाही, काकूंना नाही. तुम्ही त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसून रडलात. हात गेला तेव्हा तुम्ही रडला नव्हतात. सिस्टरांना काहीच ठाऊक नव्हतं, त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि गळूवाल्या पोराकडे परत गेल्या. तुम्ही ते पाणी प्यायलात. तिथून तसेच आपण काकूंच्या वकिलाकडे गेलो. जबाब बदलायचा म्हणालात. वकील समजूतदार होता, त्यानं नीट सांगितलं की शपथेवर एक सांगून दुसऱ्या दिवशी दुसरं सांगितलं तर बाईनंच फितवलं म्हणतील, आणि आधीचं खरं धरतील. तरी तुम्ही अर्ज करायला लावलात. त्याचं काही झालं नाही. केस काकू हरल्या. शिवणयंत्रावर त्यांनी दोन लेकरं वाढवली. ते यंत्रही सिस्टरांनीच दिलेलं.

त्यानंतर आपल्या चुलीवर दोन धान्यं शिजायची. तुम्ही सरकीच्या गोदामावर राखणदारीला लागलात, त्यातून ज्वारी आणायचात आणि तुमच्या ताटात फक्त त्या ज्वारीची भाकर. आम्हा बहिणींचं काय करायचं असं आईनं विचारलं तर म्हणालात, "लेकरायले दे. मले नको." म्हणून शनिवारचा गहू चालूच राहिला, आता सिस्टरांच्या छापाच्या पोत्यातच, उघड. विहारात कुजबुज झाली. तुम्ही उठून उभे राहाल असं सगळ्यांना वाटलं; तुम्ही उभे राहिलात आणि एवढंच म्हणालात की त्या दिवशी त्या बाईला मी जे बोललो ते मागं घेतो. मग खाली बसलात. आम्ही पोळी खायचो, तुम्ही भाकर. आई काय खायची? बाबा, मला आठवत नाही. पोळी की भाकर, आधी की नंतर, पोटभर की नाही, मी कधी पाहिलंच नाही. एवढं सगळं तपशिलानं आठवतंय आणि ते आठवत नाही याची मला भयंकर लाज वाटते.

तुम्ही तापानं गेलात. तीन दिवसांत. गोदामाच्या ओलीत निजायचात, दुसरं काय. आपल्याकडे मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचं जेवण येतं. ते पहिलं जेवण काकूंनी आणलं. पिठलं आणि ज्वारीच्या भाकरी, गहू नाही, हे त्यांनी मुद्दाम केलं होतं. आई घास घेईना तेव्हा त्यांनी तिच्या तोंडात घास घातला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडल्या, ते ऐकून मी मागच्या दारानं निघून गेले. मला तिथं बसायचा हक्क नव्हता.

पुढं सिस्टरांनी आम्हा दोघींची शाळेची, मग डी.एड.ची सोय केली आणि मी मास्तरीण झाले. अजूनही कुणी विचारत नाही, तरी मीच होऊन सांगते की मी विहारात जाते आणि सिस्टरांच्या गव्हावर शिकले. चौथीच्या पोरांना वाक्प्रचार शिकवताना 'खाल्ल्या मिठाला जागणे' आलं की मी तो फळ्यावर लिहिते आणि वाक्यात उपयोग करा म्हणून खिडकीशी जाऊन उभी राहते. पोरं कुत्र्यावर वाक्यं करतात. दरवर्षी कुत्राच. मी सगळ्यांना बरोबरची खूण देते.

कोरोनात आईला दम लागला तेव्हा ती यवतमाळात माझ्याकडे होती. कुठंच ऑक्सिजन मिळेना. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप मशिदीच्या कमिटीत, त्याला फोन केला. भर दुपारी, रोजाच्या उपाशी पोटी, दोन माणसं जिन्यानं सिलिंडर चढवून घेऊन आली. नळी लावली, आईचा श्वास जरा खाली बसला, आणि तिनं डोळे उघडून पहिलं विचारलं, "कोनाचं व्हय हे?" मी एक क्षणही न थांबता म्हणाले, "मशिदीतल्या लोकायनं आनलं, माय." "सांगतलं, बरं केलं," म्हणाली आणि माझा हात थोपटला. चार दिवसांनी ती गेली. इतक्या वर्षांत त्या गोष्टीबद्दल ती माझ्याशी बोलली ती एवढीच.

आता नेरचं. निघताना काकूंनी माझा हात सोडला नाही. म्हणाल्या, "एक गोष्ट मले अजून समजत नाई पोट्टे. तुह्या बापानं माह्या अंगनात हात वर करून सांगतलं व्हतं. एवढा जबानीचा पक्का मानूस. शेटचा म्हून गहू तं तो वरीसभर खातच व्हता, मंग आधी मले हो काहून म्हनला अन कोर्टाच्याच दिवशी काहून फिरला? कोनी तरी भरवलं असन त्याले. मुनीमच आला असन." मी म्हणाले, "असन." बसस्टँडवर येऊन बाकावर बसले आणि दोन गाड्या सोडल्या.

मुनीम आला नव्हता. त्या सकाळी मी तुमच्या शर्टाची बटणं लावत होते, डाव्या हाताला कॉलरचं जमत नसे म्हणून. आई पाण्याला गेली होती, धाकटी निजलेली. तुम्ही वर बघत, मान ताठ धरून विचारलंत, "बाई, तू शाळा शिकते. ज्याचं अन्न खाल्लं, त्याच्याइरुद्ध बोलाव का नाई?" तुम्हाला रस्ता दिसत नव्हता. मी जे सांगेन ते तुम्ही ऐकणार होतात, हे तुमच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मी कॉलरचं बटण लावलं आणि म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागावं, बाबा. पुस्तकात हाये." तुम्ही श्वास सोडलात. माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि गाडी गाठायला निघालात.

खरं सांगितलं असतं तर गहू त्याच दिवशी बंद झाला असता. पण मला गव्हाची भीती नव्हती, भीती होती ती तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड कराल याची. मला तुम्ही उठून बसलेले हवे होतात. त्यासाठी मी काकूंचा बळी दिला. हे कागद मी फाडणार नाही, नेरला जाऊन वाचूनही दाखवणार नाही; तेवढी हिंमत माझ्यात आता येईल असं वाटत नाही. तुम्ही जाईपर्यंत हेच धरून राहिलात की लेकराला काय समजतं. बाबा, मला समजत होतं.